मिस्त्रीचं नाक आणि खोकल्याची बाटली

उतारावरच्या त्या गावात चार महिने बर्फ असे आणि उरलेले आठ महिने बर्फाबद्दलच्या तक्रारी. अशा गावात माणसांपेक्षा इंजिनं जास्त. गवत कापायची, लाकूड कापायची, पाणी उपसायची, वीज गेली की घरामागे घरघरणारी आणि थंडीत बर्फगाड्या पळवणारी. यातलं प्रत्येक इंजिन वर्षातून एकदा रुसायचं, आणि रुसलं की त्याला नाकमिस्त्रीपुढे उभं केलं जायचं.

मिस्त्रीचं खरं नाव फक्त वीजबिलाला ठाऊक होतं. नाक आकाराने चारचौघांसारखंच, पण काम असं की लोक तोंडात बोट घालत. टाकीचं झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा: "गेल्या वर्षीचं आहे. ओतून टाका." एकदा शाळेच्या हेडमास्तरांना त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, हे पेट्रोल तुमचं नाही, शेजाऱ्याच्या जनरेटरमधलं आहे." सरांनी आठवडाभर त्या रस्त्याने येणं सोडलं होतं.

या नाकाला गावात एकच व्यक्ती जुमानत नसे. त्याची बायको. वर्कशॉपमधल्या प्रत्येक कॅनवर ती पांढरी पट्टी चिकटवून तारीख लिहायची. पट्टी नसलेला कॅन म्हणजे तिच्या मते बेवारशी मूल. पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं तेव्हा तिथली सूचना पूर्ण वाचणारीही गावात ती एकटीच.

"पेट्रोलमध्ये दारू घालायला लागलेत," तिने घरी येऊन सांगितलं होतं.

"घालू देत. वास तर येईल ना?"

"वास वरचा येईल. ही दारू हवेतलं पाणी पीत बसते. पाणी फार झालं की दोघं गळ्यात गळा घालून तळाला जातात. इंजिन ओढतं तळातून, आणि तुम्ही हुंगता वरून."

"बावीस वर्षं हुंगतोय."

"तेव्हा तळाला कोणी बसत नव्हतं."

मग तिने खोकल्याच्या औषधाची रिकामी काचेची बाटली धुऊन घेतली आणि तिच्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. टाकीच्या तळातलं पेट्रोल रेघेपर्यंत घ्यायचं, पाव तास खिडकीत ठेवायचं. एकजीव राहिलं तर ठीक. दुधाळलं किंवा खाली वेगळा थर बसला तर टाकी रिकामी करायची. मिस्त्री पोट धरून हसला. "आता इंजिनांना खोकलाही होणार!"

"हसा. तुमच्या नाकाला सर्दी होते, बाटलीला होत नाही."

बर्फ वितळायला लागलं तेव्हा दोघांना एकदमच ताप आला. तिचा चढत गेला, याचा उतरला. सहाव्या दिवशी ती गेली. भेटायला आलेल्या लोकांना वाटलं मिस्त्री ढसाढसा रडेल, म्हणून दोघं-तिघं खांदे तयार ठेवूनच आले होते. मिस्त्रीने त्यांना त्यांच्या गवत कापायच्या मशीनचं ब्लेड कसं आहे ते विचारलं. रडू काही आलं नाही. येईल म्हणून त्याने दोन-चार दिवस वाट पाहिली, मग कामाला लागला.

नाकाचं पुढच्या महिन्यात कळलं. दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं तरी हा शेजारच्या खोलीत प्लग घासत बसलेला. शेवटी शेजारीण पदर नाकाला लावून धावत आली. "अहो, सगळी गल्ली खोकतेय आणि तुम्हाला पत्ताच नाही?"

मिस्त्रीने वर्कशॉपमध्ये जाऊन पेट्रोलचा कॅन उघडला आणि नाक आत खुपसलं. काही नाही. रॉकेल, ग्रीस, साबण, तिची कपाटातली शाल. काही नाही. त्याने शाल घडी घालून परत ठेवली.

कोणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? नाकमिस्त्रीचं नाक गेलं तर मागे उरतो नुसता मिस्त्री, आणि तसले खालच्या बाजारात चार होते. तो झाकण उघडायचा, डोळे मिटायचा, श्वास ओढायचा आणि सांगायचा, "पाणी धरलंय." नव्या पेट्रोलची कृपा अशी, की दहातल्या सात वेळा ते खरंच निघायचं. इतकं अचूक त्याचं नाक चालू असतानाही नव्हतं. गावात कौतुक वाढलं. पंपावर बसणारा मेहुणा तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या दाजींनी वास घेतला की पेट्रोल स्वतःहून कबुली देतं." मेहुण्याचे डोळे अगदी बहिणीसारखे होते. मिस्त्री त्याच्याशी बोलताना मीटरकडे बघायचा.

पहिलं बर्फ पडलं आणि दवाखान्यातल्या सिस्टर बर्फगाडी घेऊन आल्या. वरच्या वस्तीवर एक म्हातारा होता, पायाची जखम चिघळलेली, एक दिवसाआड ड्रेसिंग. बर्फात तिथे जायला गाडीशिवाय उपाय नव्हता. टाकी गेल्या हिवाळ्यापासून अर्धी तशीच.

मिस्त्रीने श्वास ओढला. सगळ्यांनाच 'पाणी धरलंय' म्हटलं तर संशय येतो, म्हणून तीन-चार माणसांमागे एकाला तो पास करायचा. त्या दिवशी नंबर सिस्टरांचा लागला.

"चालेल," तो म्हणाला.

गाडी अर्ध्या चढावर बंद पडली. सिस्टर अडीच तास चालत खाली आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडवाल्याच्या ट्रॅक्टरमागे बांधून त्यांनी गाडी वर्कशॉपच्या दारात आणली तेव्हा त्या लंगडत होत्या.

"काय झालं पायाला?"

"दोन बोटं बधीर झालीत. दुखत नाही म्हणून मी खूश होते, तर डॉक्टर म्हणाले, दुखलं असतं तर बरं होतं." त्या स्टुलावर बसल्या. "मिस्त्री, ओरडायला नाही आले मी. मशीन आहे, बंद पडणारच. पण म्हाताऱ्याचं ड्रेसिंग कालचं राहिलंय. दुपारी मला वर जायचंय. या वेळी नीट हुंगा आणि सांगा. तुम्ही जा म्हणालात तर जाते."

त्यांनी स्वतःच झाकण उघडलं.

मिस्त्री सवयीने वाकला. डोळे मिटले. 'पाणी धरलंय' म्हटलं की काम झालं असतं, टाकी रिकामी केली असती, नाव राहिलं असतं. पण उद्या? परवा? एक दिवसाआड त्या येणार, झाकण उघडणार आणि तो जा म्हणाला की जाणार. त्याने डोळे उघडले. सिस्टरांच्या एका बुटाची नाडी सैल सोडलेली होती.

"सिस्टर, मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?"

"नाही. तापापासून. काल मी ठोकून दिलं."

सिस्टरांनी आपल्या पायाकडे पाहिलं, त्याच्या नाकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी बोटं, तुमचं नाक. दोघांचा मिळून एक धड माणूस व्हायचा नाही." आणि मग कडक आवाजात, "आता काय करणार ते सांगा."

मिस्त्रीने फळीवरची खोकल्याची बाटली काढली. धूळ पुसली. टाकीच्या तळातलं पेट्रोल लाल रेघेपर्यंत घेतलं आणि खिडकीत ठेवलं. दोघं पाव तास बाटलीकडे बघत बसले, बस येण्याची वाट बघावी तसे. हळूहळू खाली बोटभर थर वेगळा झाला.

"हे काकूंचं ना?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

त्याने टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून धुतला, पाइप फुंकून काढला. पंपावरून मेहुण्याने ताजं पेट्रोल पाठवलं. तेही बाटलीत घातलं, पाव तास. एकजीव राहिलं. इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. दहा मिनिटं चालू दिल्यावर तो म्हणाला, "जा. आल्यावर तोंड दाखवून जा."

चार वाजता सिस्टर परतल्या, दारातूनच हात केला. तोवर गावभर झालं होतं. हेडमास्तर मुद्दाम येऊन म्हणाले, "म्हणजे ते पेट्रोल माझंच होतं!"

"तेव्हा नाक होतं, सर," मिस्त्री म्हणाला. सर आल्या पावली गेले.

मग त्याने कोपऱ्यातला कॅन पुढे ओढला. तिने भरलेला शेवटचा. पट्टीवर तिच्या अक्षरात फेब्रुवारीची तारीख. इतके महिने त्याने त्याला हात लावला नव्हता. तळातलं बाटलीत घेतलं, खिडकीत ठेवलं, पाव तास थांबला. दोन थर. दोन्ही त्याने टाकाऊ पिंपात ओतले, कॅन पुसला, सवयीने आत नाक घालून पाहिलं. काही नाही.

ताजं पेट्रोल भरलं. पट्टी काढली नाही. तिच्या तारखेखाली थोडी जागा होती. तिथे त्याने आजची तारीख लिहिली. अक्षर वाईट आलं.