काकूंचे जिंकलेले शनिवार

प्रा. शैलजा वाटवे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा सोबत दोन सूचना होत्या. उल्लेख आदरार्थी असावा आणि लेख फार भावनाविवश होऊ नये. आदराची काळजीच नको, तो आपोआप येतो. पण ‘प्राध्यापक’ वगैरे पहिल्या ओळीतच संपलं; यापुढे मी त्यांना काकूच म्हणणार, कारण दुसरं काही माझ्या तोंडात बसत नाही. भावनांचं काय होतं ते लिहिता लिहिता बघू.

काकूंची आणि माझी पहिली भेट टेक्सासमधल्या आमच्या विद्यापीठाच्या गावी, एका बस स्टॉपवर झाली. नागपूरहून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. ऑगस्टचं ऊन, घामाने अंगाला चिकटलेला शर्ट, हातात दुधाचा कॅन, आणि बस काही येत नव्हती. मी आपला मोठ्याने सुरू झालो होतो, “काय कटकट आहे यार, कोणत्या देशात येऊन पडलो!” इथे कोणाला कळतंय, हा भरवसा होता. एक गाडी समोर थांबली, काच खाली झाली आणि आतून शुद्ध मराठी आली, “अहो, आज मॅच आहे. मॅचच्या दिवशी या रस्त्याने बस नसते. बसा आत, दूध नासेल.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या मला माझ्या खोलीवर न नेता स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. शनिवार होता. काकूंचा शनिवारचा उपवास असायचा, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी तयार होती. मी म्हटलं, “काकू, आमच्याकडे बौद्धांत उपवास वगैरे करत नाहीत.” त्यावर त्या म्हणाल्या, “तुला उपवास कर कोण म्हणतंय? खिचडी खा.” ‘अहो’वरून ‘तू’वर यायला त्यांना पाच मैल पुरले होते. घरात आणखी दोघं आधीच ताटं घेऊन बसले होते, पुण्याचा संदीप आणि मुंबईची अनघा. समोर टीव्हीवर आमच्याच कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सामना. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पायाने खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हणतात एवढंच मी शिकलो होतो, आणि इथे तर सगळे चेंडू हातात घेऊन पळत होते. काकूंनी मला तो कबड्डीच्या भाषेत शिकवला. “चार चढायांत दहा यार्ड सरकायचं. सरकलास तर पुन्हा चार मिळतात. नाही सरकलास तर चेंडू त्यांचा.” आजही मी माझ्या मुलीला हेच सांगतो.

काकू विद्यापीठात गणित शिकवत. त्याशिवाय फुटबॉलच्या खेळाडूंना गणितात पास करण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. काका फुटबॉलचे वेडे. आदल्या वर्षी ते अचानक गेले आणि तेव्हापासून काकूंनी स्टेडियमची पायरी चढली नव्हती. घर मात्र स्टेडियमपासून इतकं जवळ होतं की तिथली गर्जना आधी खिडकीतून यायची आणि काय झालं ते टीव्हीवर क्षणभराने दिसायचं. काकांची आरामखुर्ची टीव्हीसमोर तशीच होती. तिच्यात कोणी बसत नसे. बसू नका असं काकूंनी कधी म्हटलं नव्हतं, आम्हीच बसत नव्हतो.

त्या पहिल्याच शनिवारी खिचडी वाढता वाढता त्यांनी सांगून टाकलं, “हा सीझन संपला की मी चालले. सांगलीला आई एकटी आहे, ऐंशीच्या पुढची. घर विकायला काढलंय.” खेळाडूंचा शेवटचा सामना होईपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं होतं, त्याच्यापुढे एक दिवस नाही. मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. दुपारपुरतीच तर ओळख होती.

पण शनिवार येत गेले. संघ जिंकत गेला. आम्ही तिघं दर शनिवारी काकूंकडे, तीच खिचडी, त्याच जागा. अनघा सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, संदीप जमिनीवर, मी दाराशी. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सची मुलं आम्ही, पण खिचडीमुळे संघ जिंकतो याबद्दल आमच्या मनात काडीइतकीही शंका उरली नव्हती. काकू हसायच्या. “संभाव्यता शिकवली नाही का रे तुम्हाला कुणी?” म्हणायच्या आणि शुक्रवारी न विसरता साबुदाणा भिजत घालायच्या.

साबुदाणा मिळायचा तो ह्यूस्टनच्या बाजूला, शुगर लँडच्या इंडियन स्टोअरमध्ये, दीड तासाच्या ड्राइव्हवर. एकदा तो संपला. संदीपने डोकं चालवलं. इथल्याच सुपरमार्केटातून टॅपिओकाचा डबा आणला आणि सगळ्यांना ऐकवलं की साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच असतो, उगाच पेट्रोल जाळता. तो निघाला झटपट पुडिंगचा चुरा. काकूंनी विश्वासाने भिजत घातला, दुसऱ्या दिवशी फोडणीत टाकला आणि कढईत खळ तयार झाली, दाण्याचं कूट घातलेली खळ. “संदीप,” काकू शांतपणे म्हणाल्या, “दिवाळीची पाकिटं चिकटवायची असतील तर घेऊन ये.” त्या दिवशी मध्यंतराला संघ चांगलाच मागे होता. अनघा कडाडली, “तूच केलंस हे! आता तूच सगळं खा.” आणि त्या शहाण्याने खरंच कढई पुढ्यात घेतली. तो एकेक चमचा गिळत होता आणि संघ एकेक यार्ड सरकत होता. शेवटच्या मिनिटात जिंकलो. संदीपला सोमवारपर्यंत काही खाववलं नाही.

हसण्यावारी नेत होतो, पण आमच्या मनात काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. संघ हरला की सीझन आटपत येणार आणि काकू जाणार. जिंकला तर अजून थोडे दिवस. अनघा तर एकदा बोलूनही गेली, “मला कप नकोय यार, मला काकू हव्यात.”

आणि तिकडे सांगलीत याच्या अगदी उलट चाललं होतं. सामना संपला की काकू कॉलिंग कार्ड घेऊन आईला फोन लावायच्या. आजींना ऐकू कमी यायचं, त्यामुळे काकू मोठ्याने बोलायच्या आणि पलीकडून आजीही तितक्याच मोठ्याने. “जिंकली का गं तुझी पोरं?” “जिंकली, आई.” मग जरा वेळ फोनवर नुसती खरखर. मग आजी म्हणायच्या, “हरू देत की एकदा. कधी येणार तू?” काकू फोन ठेवून हसायच्या आणि पदराने चष्मा पुसायच्या. आम्ही ताटं उचलायला लागायचो. आम्हाला आजींचा राग यायचा, हे आता लिहितानाही लाज वाटते.

काकूंची शिस्त काय होती हे सांगायचं तर डेरेकबद्दल सांगावं लागेल. टेक्सासच्याच एका लहान गावातला, दारातून तिरका होऊनच शिरेल एवढा आडदांड मुलगा. संघाचा मोठा आधार, पण बीजगणितात गटांगळ्या खात होता. नापास झाला तर खेळता येणार नाही, असा नियम होता. संघाच्या कुणीतरी काकूंना गोड शब्दांत सुचवलं की चार मार्कांचाच तर प्रश्न आहे. काकूंनीही गोड शब्दांत सांगितलं, “मार्क मी देत नाही, तो मिळवतो. मला त्याच्या सकाळी द्या.” मग रोज सरावाच्या आधी डेरेक काकूंपुढे बसू लागला. मैदानातले यार्ड, वेग, कोन, सगळं त्यांनी समीकरणांत आणलं. तो पास झाला, आणि काठावर नाही, चांगला पास झाला.

एका शनिवारी सामना नव्हता, तेव्हा त्यांनी त्याला खिचडी खायला बोलावलं. तो आला, “थँक यू, मॅम” म्हणाला आणि सरळ काकांच्या खुर्चीत बसला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. संदीप उठून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात काकू मराठीत म्हणाल्या, “बसू दे रे. याच्या वजनाने मोडली नाही, तर ह्यांनी चांगलीच खुर्ची घेतली होती म्हणायची.” आणि डेरेकच्या ताटात आणखी एक डाव वाढला. त्यानंतर आम्हीही त्या खुर्चीत बसायला लागलो. आळीपाळीने.

लीगचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. हरलो असतो तर काकू डिसेंबरच्या मध्याला काढून ठेवलेल्या तिकिटावर गेल्या असत्या. जिंकलो तर राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना, म्हणजे थेट जानेवारी. शेवटच्या क्षणी आम्ही जेमतेम पुढे होतो आणि समोरच्यांची किक बाकी होती. ती दोन खांबांमधून गेली की संपलं. अनघाने डोळे मिटले. टीव्हीवर किक मारणारा अजून पावलं मोजत होता आणि खिडकीतून गर्जना आली. आमच्या लोकांची गर्जना! टीव्हीवर दिसायच्या आधीच काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग दिसलं. डेरेकने दोन्ही हात वर करून किक अडवली होती. काकूंनी त्याच दिवशी तिकीट पुढे ढकललं आणि आजींना फोन केला. त्या दिवशी खरखर जरा जास्तच वेळ चालली.

जानेवारीतला तो अंतिम सामना दूरच्या शहरात होता. वार शनिवार नव्हता, उपवास नव्हता, तरी काकूंनी साबुदाणा भिजवला. घर रिकामं झालं होतं. भिंतीशी भरून ठेवलेल्या बॅगा, मध्ये टीव्ही आणि काकांची खुर्ची. त्या दिवशी तिच्यात काकू स्वतः बसल्या. संघ सुरुवातीपासून पुढे होता आणि पुढेच राहिला. शिट्टी वाजली. बाहेर सगळं गाव वेडं झालं, हॉर्न, फटाके, पोरं रस्त्यावर. आणि आत आम्ही, सबंध सीझनभर घसा फोडून ओरडलेली माणसं, ताटं धरून गप्प बसलो. काकूच म्हणाल्या, “अरे, जिंकलो ना आपण? मग खा की.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांना ह्यूस्टनच्या विमानतळावर सोडलं. तेव्हा सिक्युरिटीला बूट काढायला लावणं नवीन होतं. साडीवर घातलेले कॅनव्हासचे बूट हातात धरून काकू वळल्या आणि ओरडल्या, “घरी जा आता, अभ्यास करा!” डेरेकही आला होता. त्याने आम्हा तिघांना एकदम मिठीत घेतलं, कारण आम्ही तिघंही रडत होतो.

सांगलीच्या घराच्या दारात आजींनी काकूंना पहिलं काय विचारलं असेल? “जिंकली का पोरं?” जिंकली म्हटल्यावर म्हणाल्या, “मग उशिराचं काही नाही.” काकूंनीच हे फोनवर सांगितलं. आजींना पुढे दोन वर्षं लेकीचा सहवास मिळाला. काकू आजही सांगलीत मुलींना गणित शिकवतात आणि मार्क देत नाहीत.

अनघा आता जर्सी सिटीला, संदीप प्लेनोला, मी शुगर लँडला, त्याच इंडियन स्टोअरपासून दोन मिनिटांवर. इतका साबुदाणा हाताशी असून उपयोग काय? मोसमातल्या दर शुक्रवारी मी तो भिजत घालतो. संघ त्यानंतर एकदाही अजिंक्य झालेला नाही. परवा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, युअर खिचडी डझन्ट वर्क.” खरंच आहे तिचं. आणि रविवारी नागपूरला फोन लावला की माझी आई विचारते, “कधी येणार तू?” तेव्हा मला आजींची ती खरखर ऐकू येते.

काकू, तुम्हाला साठी लागली म्हणे. गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि सांगलीच्या आणखी कितीतरी मुली तुमच्या हाताखालून स्वतःच्या मार्कांनी पास होवोत. मागणं एकच. एका मोसमात इकडे या. काकांची खुर्ची मी जपून ठेवली आहे, साबुदाणा मी आणतो, भिजवा मात्र तुम्ही. तेव्हा संघ जिंकावा म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी होते. आता मी आजींच्या बाजूचा झालोय. खुशाल हरू देत. तुम्ही या.