मांजराशी धरलेला अबोला

गेल्या हिवाळ्यात तीन महिने माझं आमच्या मांजरीशी बोलणं बंद होतं. हसायचं तर खुशाल हसा. घरात जीव दोनच, एक मी आणि एक ती, आणि त्यातही अबोला! पण माझा स्वभावच तसा. कोणी तोंड फिरवलं की मी पाठ फिरवते.

मांजरी तेरा वर्षांची. वर्ध्याला आमचं भांड्यांचं दुकान होतं, तिथल्या खोक्यातून यजमानांनी तिला घरी आणलं. घर तिथेच, नालवाडीत. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर निजायची खोली. तिचं नाव काही आम्ही ठेवलं नाही, मी तिला नुसतं 'बाई' म्हणते. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी बंगलोरला, तिचा फोन रविवारी. यजमान गेल्यापासून ही रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर येऊन बसायची आणि निजायच्या वेळी माझ्यामागून जिना चढून पलंगावर पायाशी झोपायची. अख्ख्या दिवसात मला कोणाचा स्पर्श व्हायचा तो तिचाच.

दिवाळीनंतर तिने वर येणं सोडलं. पहिल्या पायरीशी बसायची, वर बघायची, आणि सरळ बैठकीत जाऊन दिवाणाखाली शिरायची. मांडीवर येणंही बंद. हाक मारली तर फक्त कान हलवायची. उचलायला गेले तर गुरगुरली, एकदा तर चावलीच. शिवाय वाळूचं प्लास्टिकचं घमेलं सोडून त्याच्या बाजूला घाण करायला लागली. बाजूला म्हणजे अगदी चिकटून! हा मुद्दाम केलेला उपद्व्याप नाही तर काय? 'ठीक आहे बाई,' म्हटलं, 'तुला मी नको, मला तू नको.' दूध-भात ठेवायची आणि तिच्याकडे न बघता निघून जायची.

जास्त झोंबलं ते दिवाणामुळे. तो दिवाण यजमानांचा. शेवटची दोन वर्षं ते त्याच्यावरच निजले. दुकान विकावं की चालू ठेवावं, यावरून आमचं वाजलं होतं. 'म्हातारे झाले तुम्ही आता, पुरे करा,' असं मी बोलून गेले. महिन्याभरात त्यांनी आपली गादी खाली नेली. रुसले, मी समजले. रुसू देत. मी काऊन जाऊ मनवायले? त्या दिवशी मनात म्हटलं, आणि तेच मी पुढे दोन वर्षं म्हणत राहिले. आणि आता मांजरीसुद्धा त्यांच्याच दिवाणाखाली जाऊन बसली होती. राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. या घरात माझ्याजवळ कोणालाच राहायचं नाही, असं वाटायचं.

दाराशी रोज एक भाजीवाली येते. घरच्या शेतातली पालक-मेथी आणते, दोन मिनिटं पायरीवर बसते. माझं दिवसभरातलं बोलणं बहुतेक तिच्याशीच. तिच्याजवळ मी मांजरीच्या कागाळ्या करत होते, तर तिने दिवाणाखाली डोकावून पाहिलं.

"काकू, हिचे केस पाहा. पाठीवर गुठळ्या झाल्या. हे जनावर अंग चाटून नाई राह्यलं. दवाखान्यात न्या हिले."

"तिला माज आला आहे, दुसरं काही नाही."

"माज आलेलं मांजर असं बसत नाई, काकू."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत कोंबून, वर ओढणी बांधून, ऑटोने तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर माझ्या एका बाजूला एक कुत्रं, दुसऱ्या बाजूला बकरी. डॉक्टर तरुण होते, आपल्याकडचेच. मी पाढाच वाचला. वर येत नाही, मांडीवर येत नाही, चावते, घमेल्याबाहेर करते. त्यांनी तिच्या मागच्या पायांवरून, कमरेवरून हळू बोटं फिरवली. कमरेपाशी ती अशी ओरडली की बाकावरची बकरी उठून उभी राहिली. मग एक्स-रेचा फोटो काढला, रक्त घेतलं.

"काकू, ही रुसली नाई," डॉक्टर म्हणाले. "हिचे सांधे दुखून राह्यले. संधिवात आहे, बरेच दिवसांचा."

"पण लंगडत तर नाही!"

"कुत्रं लंगडते, कुईकुई करते, माणसाले समजते. मांजर सांगत नाई. एकएक काम सोडत जाते. आज उडी सोडली, उद्या जिना सोडला. अन् आपण म्हणतो, स्वभाव बदलला."

"आणि ते घमेल्याबाहेर?"

"काठ उंच असन. पाय उचलत नसन तिचा."

मी पर्स उघडली. "माझी दुखण्याची गोळी आहे, तिचा चतकोर देऊ का?"

"नाई, नाई!" ते ओरडलेच. "माणसाची गोळी मांजराले चुकूनही देऊ नका. जीव जाईन तिचा."

रक्ताचा तपास आल्यावर, किडनी ठीक आहे असं पाहून त्यांनी पातळ औषध लिहून दिलं. वजनाप्रमाणे मोजून, पिचकारीने, खाणं झाल्यावर. वर आणखी सांगितलं, जिना चढायला लावू नका, उडी मारायला लावू नका, थंडीपासून जपा, दुधावरची साय बंद, वजन उतरलं पाहिजे.

घरी आले आणि घमेल्याची एक बाजू गरम सुरीने कापून खाली केली. त्याच दिवशी ती आत गेली. तीन महिने मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि कापायला लागली दहा मिनिटं. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय सरकायचे, तिथे चटया टाकल्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्या गोधडीखाली ठेवली. कंगवा घेऊन बसले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. "चुकलं व माय माझं," मी म्हटलं. तीन महिन्यांनी बोललेलं पहिलं वाक्य.

आठ दिवस बरे गेले. मग एके सकाळी जिना उतरता उतरता मी मध्येच थांबले. एकएक काम सोडत जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. यजमानांनी आधी पाटावर बसून जेवणं सोडलं. टेबल-खुर्ची मागितली, तर मी म्हटलं, आता साहेबी आली. मग आठवडी बाजाराला येणं सोडलं. पिशव्या मी एकटी उचलायची आणि घरी येऊन आदळायची. जिना चढताना ते भिंतीला हात लावायचे. नवा रंग होता. कमरेच्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला, तेव्हा मी केवढी ओरडले होते, "भिंतीले हात काऊन लावता? केली ना कळकट!" त्यानंतर थोड्याच दिवसांत गादी खाली गेली. ज्या माणसाला बायकोने तोंडावर म्हातारा म्हटलं, तो तिला गुडघे दुखतात म्हणून कशाला सांगेल? आणि मी तरी कुठे विचारलं? मग एका सकाळी त्यांचं हृदय बंद पडलं, आणि विचारायला कोणी राहिलं नाही. मी तिथेच पायरीवर बसून खूप रडले. ओरडून रडले. ऐकायला होतं कोण?

औषधाने मांजरीचा ओरडा थांबला, अंग चाटणं परत सुरू झालं. पण जिना तिच्यासाठी संपला होता. रात्री मी वर निघाले की पहिल्या पायरीशी बसून माझ्याकडे बघायची. मी सुताराला बोलावलं. एवढा जड पलंग जिन्यावरून उतरेल की नाही, याची मला धास्तीच होती.

सुतार आणि त्याचा भाऊ, दोघांनी पलंग सोडवून खाली आणला आणि बैठकीत लावला. जागा दुसरी नव्हतीच, दिवाणाला अगदी लागून बसला. पुढे मी पायरीसारखे दोन पाट मांडले, एकावर एक, एक थोडा मागे. भाजीवाली दारातूनच म्हणाली, "अवं माय! मांजरासाठी पलंग खाली आणला?"

"हो," मी म्हटलं. "मांजरासाठी."

सुतार निघायच्या आत मी पलंगावर टेकले, तोवर मांजरी पाटाजवळ आली होती. एक पाट चढली, थांबली, दुसरा चढली आणि पलंगावर येऊन माझ्या पायाशी बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उगाच घाबरत होत्या काकू," सुतार हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "अर्ध्या घंट्याचं काम होतं."

अर्ध्या घंट्याचं काम होतं. यजमान असताना मी केलं नाही.