सरकलेला तलाव

बल्लारपूरच्या बाजारात माझ्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली खाच. त्यात एक काचेचं टेबल, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेले अब्बा. पेपर मिलचे कामगार पाळी सुटली की तिथं थांबत. मी भूगोलात पदवी घेतली आणि पुढं उपग्रह आणि नकाशे यांचा कोर्स करायला नागपूरला जाते म्हणाले, तेव्हा नातेवाइकांनी अब्बांना समजावायचा खूप प्रयत्न केला. अब्बांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी ट्रंक स्वतः स्टेशनवर आणून दिली.

कोर्स संपल्यावर अहेरीला वनविभागाच्या कार्यालयात कंत्राटी काम मिळालं. सन दोन हजार नुकतंच मागं पडलं होतं. कापडावर चिकटवलेले जुने नकाशे पत्र्याच्या नळकांड्यांतून काढायचे, स्कॅन करायचे आणि पडद्यावर रेघेवरून रेघ ओढत संगणकात उतरवायचे, हे माझं काम. जंगलाची हद्द हिरवी, नदी-नाले निळे, रस्ते लाल. अर्ध्या दिवसाचं काम वीज गेली की वाया जायचं, म्हणून दर थोड्या वेळानं सेव्ह करायची सवय हाताला लागली ती अजून सुटलेली नाही.

पहिल्या ईदला घरी गेले तेव्हा अब्बांनी विचारलं, "ते मशीन जागा कशी सांगते?"

मी म्हणाले, "वर उपग्रह फिरतात. प्रत्येकात घड्याळ असतं. तिथून निघालेला संकेत इथं पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं, म्हणजे अंतर कळतं. चार उपग्रहांपासूनचं अंतर कळलं की आपली जागा ठरते."

"और घड़ी गलत चली तो?"

"सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकला, तरी जागा तीनशे मीटर चुकते."

दुसऱ्या दिवशीपासून अब्बा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, की माझी मुलगीसुद्धा घड्याळाचंच काम करते, फक्त तिची घड्याळं आभाळात आहेत. अम्मी घरी म्हणायची, "आसमान ठीक है, जंगल में मत जाना." पण त्या वर्षी मला जंगलात जावंच लागलं.

झालं असं. मुलचेऱ्याच्या बाजूला एका गावाचा तलाव होता. गाव ढिवरांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं. थोडी धानाची शेती, थोडी मजुरी, पण खरा आधार तलावाचा. त्यांची मच्छीमार सोसायटी दर पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडायची आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळी टाकायची. मी येण्याआधी बाहेरच्या एका संस्थेनं जीपीएस घेऊन त्या भागातल्या तलावांभोवती चालत मोजणी केली होती. त्यांचे बिंदू आमच्या संगणकातल्या नकाशावर टाकले, तर हा तलाव अर्ध्याहून जास्त राखीव जंगलाच्या हिरव्या रेघेच्या आत दिसला. राखीव जंगलात परवानगीशिवाय मासेमारी चालत नाही. निर्णय होईपर्यंत जाळं टाकू नये, असं पत्र गावाला गेलं.

सोसायटीचे अध्यक्ष कार्यालयात आले तो दिवस मला आठवतो. पन्नाशीचे, उन्हानं करपलेले, पांढरा सदरा घातलेले गृहस्थ. सोबत त्यांची बायको होती. कार्यालयाचे साहेब दौऱ्यावर होते, म्हणून ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी नकाशे काढता ना? आमचा तलाव जंगलात कवा गेला? आमच्या बापानं, आज्यानं तिथीच जाळं टाकलं. कोनी अडवलं नाई."

"हद्दीचे मुनारे कुठं आहेत, भाऊ?" मी विचारलं. जंगलाच्या हद्दीवर दगड-सिमेंटचे छोटे खांब असतात, त्यांना मुनारे म्हणतात.

"वरच्या बाजूले हायेत. तलावापाशी होते, मले आठवते. मंग बांबू तोडाईच्या गाड्या गेल्या, आता दिसत नाई. आता नाई दिसत म्हनून काय आमी जंगलात गेलो?"

त्यांच्या बायकोनं पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातून खरं कसं समजते, बाई?"

मी त्यांना बसायला सांगितलं आणि नकाशा उघडला. तलाव खरोखरच हिरव्या रेघेच्या आत होता. पण त्याच संस्थेनं मोजणी करताना गाडीचा रस्ताही नोंदवला होता, तो मी पहिल्यांदाच नीट पाहिला. गाडी लाल रेघेच्या शेजारून, शेतातून चालल्यासारखी दिसत होती. पुलावर घेतलेला बिंदू नाल्यापासून दूर कोरड्या जमिनीवर पडला होता. रस्ता, पूल, तलाव, सगळे पश्चिमेकडे सरकले होते आणि सगळे जवळपास सारख्याच अंतरानं. मोजणाऱ्याचा हात चुकला असता तर चूक अशी एका ओळीत, एका दिशेला पडली नसती. नागपूरला वर्गात शिकलेली गोष्ट डोळ्यांसमोर अशी पसरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी त्यांना एवढंच म्हणाले, "भाऊ, मला दोन-चार दिवस द्या. तलाव कुठं गेला नाही असं मला वाटतं."

साहेब आल्यावर मी त्यांच्यासमोर नकाशा ठेवला. साहेब साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे, आणि समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकणारे.

"मग जीपीएस चुकलंय की आपला नकाशा?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बरोबर आहेत, साहेब. दोघांची सुरुवात वेगळी आहे."

मी सांगितलं ते असं. पृथ्वी नीट गोल नाही. तिच्यावर जागा मोजायची तर आधी एक गुळगुळीत आकार मानावा लागतो आणि मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठरवावं लागतं. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीदारांनी आपल्या देशाला नीट बसेल असा आकार मानला आणि मध्य भारतातल्या एका ठिकाणापासून मोजत निघाले. आपले जुने नकाशे त्यावर उभे आहेत. उपग्रहांसाठी सगळ्या पृथ्वीला बसेल असा दुसरा आकार मानला गेला आणि मोजणी पृथ्वीच्या मध्यापासून होते. त्यामुळे एकाच झाडाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात. आमच्या भागात हा फरक दीडशे मीटरच्या आसपास आहे. एका पद्धतीचे आकडे दुसरीत बदलून न घेता तसेच नकाशावर टाकले, की सगळं सरकतं.

"वेगळ्या वेळेला लावलेली दोन घड्याळं असतात ना साहेब, तसं. दोन्ही नीट चालतात, फरकही कायम तेवढाच राहतो. फक्त एकातली वेळ दुसऱ्यातली समजायची नाही."

साहेब जरा हसले. "मला पटलं. पण हे पटवायला मला वरच्या कार्यालयात पडदा नेता येणार नाही. जमिनीवर काही दाखवता येईल का?"

मी म्हणाले, "येईल." आणि म्हणाल्यावर भीती वाटली.

एप्रिलमध्ये आम्ही निघालो. मी, जंगलाच्या त्या भागाचे, म्हणजे त्या बीटचे वनरक्षक, सोसायटीचे अध्यक्ष, त्यांची बायको आणि गावातली चार माणसं. अध्यक्षांची बायको केवळ माझ्यासाठी आली होती. "एकटी पोरगी मानसाईत कशी पाठवू," असं ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, तेव्हा मला अम्मीची आठवण आली. मोहफुलं वेचायला पहाटेच निघालेल्या बाया वाटेत भेटत. हातातलं यंत्र बघून त्या थबकत. त्या काळात आमच्या जिल्ह्यात अनोळखी यंत्र घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडे सगळेच सावधपणे बघायचे. अध्यक्ष आधीच सांगून टाकत, "तलावाचं काम हाये. आपली बाई हाये." ते 'आपली बाई' मला दर वेळी ऐकावंसं वाटे.

उन्हाळा आमच्या सोयीचा होता. सागाची पानं झडलेली, वर मोकळं आभाळ, त्यामुळं यंत्राला उपग्रह भरपूर दिसत होते. तलावापासून लांबचे, अजून उभे असलेले मुनारे आम्ही एकेक करून गाठले. प्रत्येकावर यंत्र ठेवून थांबायचो, कारण एकदाच घेतलेल्या आकड्यापेक्षा बऱ्याच आकड्यांची सरासरी जास्त भरवशाची. वनरक्षक मुनाऱ्यावरचा क्रमांक पुसून वाचून दाखवायचे. दुपारी एका पळसाखाली बसून मी ते आकडे जुन्या नकाशावरच्या मुनाऱ्यांशी ताडून पाहिले. प्रत्येक मुनारा पश्चिमेकडे सरकलेला, आणि तलाव, पूल, रस्ता सरकले होते तेवढाच. मला ओरडावंसं वाटलं, पण मी फक्त पाणी प्यायले.

आता खरी परीक्षा होती. फरक हाती लागला होता. मग तलावापाशी जो मुनारा हरवला होता, त्याचे नकाशावरचे आकडे घेऊन, त्यात तो फरक मिळवून, उपग्रहांच्या भाषेत ती जागा मला काढता येत होती. मी ते आकडे यंत्रात भरले आणि बाणाच्या दिशेनं चालू लागले. सगळे माझ्या मागं. बाण आम्हाला तलावाच्या काठापासून दूर, चढावर, बांबूच्या जुन्या खुंटांमध्ये घेऊन गेला आणि यंत्र म्हणालं, आलात.

तिथं काही नव्हतं. पाचोळा आणि वाळवीची वारुळं.

वनरक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, "यंत्राची चूक काही मीटर असते, आणि नकाशावरच्या रेघेची जाडीसुद्धा जमिनीवर काही मीटर होते. इथंच आहे, पण नेमका पायाखाली नसेल. आपण गोल फिरत शोधू." बोलताना माझा आवाज पक्का होता. आत मात्र मी मोजणी पुन्हा पुन्हा तपासत होते.

सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि पाचोळा सारत हळूहळू फिरू लागले. ऊन कलायला लागलं होतं. अध्यक्ष सबलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, एक-एक वारूळ टोकरत होते. एका वारुळात सबल खण्णकन वाजली. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज. मग सगळे गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती काढू लागले. आत सिमेंटचा चौथरा निघाला, वरचा भाग मोडलेला, आणि एका बाजूला अर्धवट क्रमांक. वनरक्षकांनी गमछ्यानं तो पुसला, वाचला आणि माझ्याकडे मान हलवून सांगितलं, "तोच हाये, म्याडम."

अध्यक्षांनी उभं राहून तलावाकडे बघितलं. तो खाली, बराच खाली, चकाकत होता. मुनाऱ्याच्या आणि पाण्याच्या मध्ये गावाची अख्खी गुरं चरतील एवढी जमीन होती.

"म्हंजे तलाव भायेरच हाये," ते म्हणाले.

"बाहेरच आहे, भाऊ."

"मी तेच म्हनून राह्यलो होतो."

"तुम्ही म्हणत होतात, पण आता यंत्रसुद्धा म्हणतंय."

त्यांच्या बायकोनं माझे मातीनं भरलेले हात आपल्या पदरानं पुसले. मी नको म्हणत होते, तरी पुसले.

दोन दिवसांनी साहेब स्वतः आले. मुनारा पाहिला, माझ्याकडून यंत्र घेऊन आकडे पाहिले, एक-दोन ठिकाणी मला अडवून प्रश्न विचारले. मग गावकऱ्यांसमोरच म्हणाले, "नकाशा दुरुस्त होईल. तुम्ही तुमची तयारी करा." कार्यालयात परतल्यावर त्यांनी माझ्याकडं सगळ्या विभागाचं काम सोपवलं. जीपीएसनं घेतलेला प्रत्येक बिंदू आधी बदलून घ्यायचा, मगच नकाशावर ठेवायचा, आणि नकाशाच्या कोपऱ्यात तो कुठल्या पद्धतीनं मोजला ते लिहायचं. त्या कामात आणखी दोन गावांची शेतं आणि एक तलाव आपापल्या जागी परत आले. ज्या संस्थेनं पहिली मोजणी केली होती तिची मुलं एकदा येऊन आमच्याकडून पद्धत समजून घेऊन गेली. मी त्यांना चहा पाजला आणि सगळं नीट शिकवलं.

मे महिन्यात गावानं जाळी टाकली. मला निरोप आला, आणि मी अब्बांना कळवलं. दुकान सहसा बंद न ठेवणारे अब्बा बस बदलत बदलत मुलचेऱ्याला आले, तिथून एका गावकऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गावापर्यंत. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून ते किती तरी वेळ बघत होते. गुडघाभर पाण्यात माणसं दोन बाजूंनी जाळं ओढत होती, मधलं पाणी उकळल्यासारखं हलत होतं. रोहू, कतला, मरळ. बाया काठावर टोपल्या लावून बसल्या होत्या.

अध्यक्ष ओलेचिंब वर आले आणि अब्बांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीनं आमचा तलाव जागेवर आनला."

अब्बा मराठीत बोलायला लाजायचे, पण त्या दिवशी बोलले. "तलाव तो जागेवरच होता, भाऊ. तिनं फक्त मोजला." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "सही मोजा तूने."

नंतरची बरीच वर्षं मी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत काम केलं. मोठे नकाशे केले, मोठ्या शहरांत जाऊन ते दाखवलेही. लोकांनी वाखाणले, त्याचा आनंद होताच. पण त्या पाळीवर अब्बांच्या शेजारी उभं राहून, टोपल्या भरताना बघताना मला जे वाटलं, ते पुढं कधी तेवढं वाटलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी गावकऱ्यांनी दिलेला पळसाच्या पानांत गुंडाळलेला मासा घेऊन आम्ही दोघं बल्लारपूरच्या बसमध्ये बसलो, आणि शेजारच्या माणसानं अब्बांना विचारलं, की पोरगी काय करते. अब्बांनी सगळं सांगितलं, बस घोट गावाच्या पुढं गेली तरी सांगत राहिले, आणि मी खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले.