वाटाण्याची उसळ, पाव आणि चिमूटभर हिंग

“आजपासून गहू बंद,” डॉक्टर म्हणाले. किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “कायमचा.”

खरं सांगते, त्या क्षणी मला माझी आतडी आठवली नाहीत, घटलेलं वजन आठवलं नाही. मला आठवला पाव. अंबरनाथला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे. संध्याकाळी तिथली लादी भट्टीतून निघते तेव्हा सगळी गल्ली गरम पावाच्या वासाने भरून जाते. कामावरून येताना मी ती लादी कागदात बांधून घ्यायची आणि घरी आत्याने पांढऱ्या वाटाण्याची उसळ करून ठेवलेली असायची. हॉटेलात जाऊन चैन करणारी माणसं आम्ही नव्हेत. आमची चैन एवढीच. समोर बसलेला हा भला माणूस आपल्याकडून काय काढून घेतोय हे त्याला ठाऊक तरी आहे का, असं माझ्या मनात आलं आणि चक्क राग आला.

आजाराचं नाव सिलिॲक डिसीज. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे कणकेला चिकटपणा येतो आणि पोळी लाटताना फाटत नाही. काही जणांच्या शरीराला हे ग्लुटेन शत्रू वाटतं. त्याच्याशी लढता लढता शरीर आपल्याच लहान आतड्याला इजा करून घेतं आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हे मी तुम्हाला चार वाक्यांत सांगितलं, पण मला कळेपर्यंत काही वर्षं गेली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुरुवात अगदी साधी होती. जेवलं की पोट फुगायचं. मधेच जुलाब लागायचे, मग थांबायचे. मी उल्हासनगरला एका कापडाच्या पेढीवर बिलं करायला जाते. पेढी दुसऱ्या मजल्यावर आहे. तो जिना चढताना मला मधे थांबावं लागायला लागलं. केस गळायचे, ब्लाउज सैल होऊ लागले. बारीक झालीस, छान दिसतेस, असं बायका म्हणायच्या आणि मी मूर्खासारखी खूश व्हायची.

प्रत्येकाकडे इलाज तयार होता. कोणी गॅस म्हणालं, कोणी टेन्शन, कोणी जंत. माझा नवरा दीपक म्हणाला, पेढीवरचा चहा बंद कर. आणि आत्याने हिंग काढला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासूसुद्धा. आमच्याकडे आत्याच्या मुलाशी लग्न लावून देतात. त्यामुळे सासरी आल्यासारखं मला कधी वाटलंच नाही, फक्त घर बदललं. आत्याचा नजर, अंगारा, धागा यांवर काडीचा विश्वास नाही. ते सगळं आपण छप्पन साली दीक्षेबरोबर सोडलं, असं ती ठणकावून सांगते. पण हिंगावर तिचा विश्वास होता. पोट दुखलं की हिंग, फुगलं की हिंग. ताकात हिंग, बेंबीवर हिंगाचा लेप. लहानपणी मला झोप यायची तीही त्या वासात.

शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक, फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते जागचं हलेना, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी मला कल्याणच्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली. शरीर ग्लुटेनशी किती भांडतंय ते त्यात दिसतं. मग एन्डोस्कोपी. घशातून कॅमेऱ्याची नळी आत सोडतात. वाटते तेवढी भयंकर नसते, ओकारी येते आणि डोळ्यांतून पाणी वाहतं इतकंच. त्याच नळीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. एक गोष्ट लक्षात ठेवा. संशय आला म्हणून तपासणीच्या आधी आपल्या मनाने गहू सोडू नका. सोडला तर तपासणीत काही सापडत नाही.

निदान झालं आणि आत्याने पदर खोचला. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, डब्यांना लाल दोरे. गव्हाचा डबा माळ्यावर गेला. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, त्याचं पीठ आपल्या पिठात उतरतं हे कळल्यावर ती तांदूळ घरीच मिक्सरवर दळायला लागली. मिक्सर तापून वास मारायचा, मग त्याला विश्रांती द्यायची आणि पुन्हा दळायचं. पेढीवर शेठच्या घरून दर गुरुवारी सेयल डबल यायचं. शिळ्या पावाचे तुकडे कोथिंबीर-टोमॅटोच्या वाटणात शिजवलेले असतात, सिंध्यांच्या घरचा हा मऊ, ओला पदार्थ मला फार आवडतो. मी नको म्हटलं की शेठची बायको म्हणायची, “एक टुकड़े से क्या होता है बेटा.” प्रेमानेच म्हणायची. तुम्हालाही हे वाक्य ऐकावं लागेल. हसून डबा पुढे सरकवायचा.

बेकरीवरून जाणं मात्र मला जमेना. मी पलीकडच्या गल्लीने लांबून यायला लागले. तरी वारा फिरला की वास यायचाच. पावासाठी डोळे भरून येतात हे कोणाला सांगणार? लोकांना मोठमोठे आजार असतात आणि मी पावासाठी रडतेय. पण रडत होते, हे खरं आहे.

मला सावरलं ते मुगाच्या वरणाने. घरी आले की आत्या मऊ भात वाढायची, त्यावर पातळ वरण आणि वरून हिंग-जिऱ्याची चुरचुरीत फोडणी. पहिला घास गेला की खांदे खाली यायचे. पाव गेला तर गेला, हे कोणी काढून घेऊ शकत नाही, असं मी स्वतःला समजवायची. त्या वाढण्यात आत्याचं सगळं प्रेम असायचं, आणि ती ते बोलून दाखवणारी बाई नाही.

महिने गेले. मी बरी होईना. पोट तसंच फुगायचं, जिना तसाच चढवत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा टीटीजी करायला लावली. रिपोर्ट पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तशी नजर मी शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलींवर पाहिली होती.

“तुम्ही काहीतरी खाताय,” ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, सगळे आधी नाहीच म्हणतात. खरंच खात नसाल तर हे रिफ्रॅक्टरी असू शकतं, म्हणजे पथ्य पाळूनही आतडं भरून न येणारा प्रकार. मग स्टेरॉइड सुरू करावी लागतील, आणखी तपासण्या कराव्या लागतील, आणि तो आजार चांगला नाही. “चांगला नाही” हे शब्द त्यांनी इतके हळू उच्चारले की मी पुढे काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दीपक माझ्या पर्समध्ये खारीचा पुडा आहे का ते चाचपत होता. मी पाहिलं. त्याला मरणाची भीती वाटत होती, हे आता कळतं. तेव्हा फक्त अपमान कळला. आत्या त्याच्यावर उखडली. माझी पोर चोरून खाणारी नाही, म्हणाली, आणि त्या दिवशी माझं पोट जास्तच दुखत होतं म्हणून वरणात आणखी हिंग घातला.

स्टेरॉइडच्या आधी एकदा आहारतज्ज्ञांना भेटा, आणि घरी स्वयंपाक करणाऱ्यांना बरोबर न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्याला हे बिलकूल आवडलं नाही. तरी ती चांगलं पातळ नेसून आली. आहारतज्ज्ञ पंचविशीची मुलगी होती. मी काय खाते हे तिने मला विचारलंच नाही. ती आत्याकडे वळली आणि म्हणाली, काकू, यांचं वरण कसं करता ते गॅस पेटवल्यापासून सांगा.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. हिला वरण माहीत नाही का, असा तो चेहरा होता. मग तिने सांगायला सुरुवात केली. डाळ धुते, हळद घालते, तीन शिट्ट्या काढते. कढल्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग.

“हिंग किती?”

“हिच्या पोटासाठी जरा जास्तच. चांगला चिमूटभर. ताकातही असतो.”

मुलीने पेन खाली ठेवलं. हिंग कोणता, डबीतला का, असं तिने विचारलं. आत्या म्हणाली, डबीतलाच, सगळे वापरतात तो. मग त्या मुलीने आमच्या दोघींकडे पाहत, घाई न करता सांगितलं, की खडा हिंग फार उग्र असतो, म्हणून डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. आणि बहुतेक वेळा ते गव्हाचं असतं.

बाहेर नर्सने कोणाचं तरी नाव पुकारलं.

“म्हणजे मीच घालत होते,” आत्या म्हणाली.

मुलगी म्हणाली, हे कित्येक घरांत होतं, तुमची काही चूक नाही. मी तेच म्हटलं. आत्याला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. रिक्षात ती हातातली पिशवी घट्ट धरून बसली होती. घरी आल्यावर तिने हिंगाची डबी उचलली, कचऱ्यात टाकली, हात साबणाने दोनदा धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

त्यानंतर तिने माझ्यासाठी स्वयंपाक केला नाही. दीपकचा आणि स्वतःचा करायची. माझ्या तव्याला, माझ्या डब्यांना हात लावायची नाही. विचारलं तर म्हणायची, तुझं तू बघ बाई, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी आणि दीपक आळीपाळीने काहीतरी शिजवायचो. दीपकच्या वरणाबद्दल मी काही लिहीत नाही, त्याला अजून या घरात राहायचं आहे. तो मात्र एक दिवस मान खाली घालून म्हणाला, पर्सचं चुकलं माझं. तेवढं पुरलं मला.

हिंग थांबला आणि शरीर वळणावर यायला लागलं. आधी पोटाचा नगारा उतरला. मग एके दिवशी पेढीचा जिना मी बोलत बोलत चढून गेले आणि वर पोचल्यावर ध्यानात आलं. बुद्धपौर्णिमेला तांदळाची खीर दोन वाट्या खाल्ली आणि काहीही झालं नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मला भूक लागली. कित्येक वर्षं मी वेळ झाली म्हणून जेवत होते. भूक काय असते ते विसरलेच होते.

त्या संध्याकाळी मी कामावरून आले, चपला काढल्या आणि सरळ आत्याजवळ जाऊन बसले.

“आत्या, मला भूक लागलीय. खूप लागलीय.”

लहानपणी सुट्टीत तिच्या घरी खेळून आल्यावर म्हणायची, तसंच ते तोंडातून निघालं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वयंपाकघरात एकेक डबा उचलून मला दाखवत गेली. हे चालतं का? ही हळद? हे जिरं? मी हो म्हणेपर्यंत झाकण काढत नव्हती. त्या दिवशीचं वरण लसणाच्या फोडणीचं होतं. उत्तम होतं. त्याला तो वास नव्हता, आणि मी जेवताना तो वास शोधत होते. पिठाशिवायचा हिंग मिळतो, आहारतज्ज्ञांनी दुकानही सांगितलं होतं, पण आत्या हिंगाला घरात घेत नाही. मीही आग्रह केला नाही. वरणाकडे पाहून मला अजून त्याची आठवण येते, तशी यापुढेही येत राहील.

पुढची टीटीजी निम्म्याहून खाली आली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मी तुमच्यावर शंका घेतली, मनात ठेवू नका. एवढं म्हणणारे डॉक्टर किती असतात? मी त्यांची आभारी आहे. त्या पंचविशीच्या मुलीची तर जन्मभर. तुमच्या घरी असा आजार निघाला, तर पोळी आणि पाव सगळ्यांना आठवतात, तुम्ही फोडणीपासून सुरुवात करा.

एक सांगायचं राहिलं. अंगात बळ आल्यावर मी पुन्हा बेकरीच्या रस्त्याने यायला लागले. वास यायचा, पण आता उभं राहता यायचं. एकदा बेकरीवाल्याने विचारलं, “अम्मा ठीक है ना? पाव लेने आती नहीं अब.”

मी आठवून पाहिलं. दीपक बाहेर खातो, पण घरात लादी आलेली मी पाहिली नव्हती. माझं निदान झाल्यापासून आत्याने पाव खाल्लाच नव्हता. दात नसलेली बाई ती, उसळीत बुडवलेला पाव हे तिचं अर्धं आयुष्य.

मी लादी घेतली. कागदातून हाताला ऊब लागत होती. घरी येऊन वाटाण्याची उसळ मी केली, आत्याने पाहिलं आणि मीठ जास्त पडलं म्हणाली. मग मी माझ्या ताटात तांदळाची भाकरी वाढली आणि तिच्या वेगळ्या ताटात दोन पाव ठेवले.

“तुझ्यासमोर नाही खाणार मी,” आत्या म्हणाली.

“माझ्यासमोरच खा.”

तिने बराच वेळ ताटाकडे पाहिलं. मग पाव मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडात घातला. मी विचारलं, कसा आहे?

“कसा काय, पाव आहे.”

“नीट सांग ना, आत्या.”

तिचं चघळणं हळू झालं. कधी नव्हे ते ती शब्द शोधत होती. “खालून जरा करपलाय,” ती म्हणाली. “करपलेलं कडूसर लागतं बघ, तेच गोड लागतं. आतून अजून गरम आहे. रस्सा प्यायला की नुसता विरघळतो, चावायलाच नको.” आणि पदराने डोळे पुसले.

मी डोळे मिटून ऐकत होते. सगळं जसंच्या तसं आलं, करपलेलं बूड, ऊब, रस्सा.

“दुसरा घे,” मी म्हटलं, “आणि सावकाश खा.”