धुळे, धुळे, धुळे

माझ्या मुलीच्या कागदांची फाईल मी एकदा जळगावात, आमच्या पिंप्राळ्यातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली होती. रागातच. पावणेदोन किलो भरली. त्यात मेंदूचे आलेख होते, बुद्ध्यांकाचे कागद होते, वागणुकीचे तक्ते होते. मुलगी स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. बोलते फार थोडं, आणि ते थोडंही कुणाचं तरी ऐकलेलं, त्याच चालीत. तिच्या मेंदूची वाढ वेगळ्या वाटेनं चाललीय, असं ती दोन वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आमचं घर तिच्या डोक्याकडे बघत बसलं होतं.

तिच्या मोजक्या शब्दांत एक शब्द होता 'धुळे'. कंडक्टरसारखा, नाकातून, तीनदा म्हणायची: "धुळे, धुळे, धुळे." धुळ्याला माझं माहेर. तिथं माझा धाकटा भाऊ आणि भावजय राहतात, आणि आम्ही जळगावहून दरवर्षी दिवाळीला जातो. पोरीला मामाचं घर आठवतं, याचं मला कोण कौतुक! सासरच्या माणसांना मुद्दाम ऐकवायचे मी. तिनं 'धुळे' म्हटलं की सांगायचे, "हो, दिवाळीला जाऊ." मग ती गप्प व्हायची. तिला पटलं, असं मी समजायचे.

ती पंधरा वर्षांची झाली, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी नवीनच भीती घातली. या वयात अशा काही मुलांना फिट्स सुरू होतात म्हणे. लक्ष ठेवा. झालं, मला तेवढंच हवं होतं. ती न्हाणीघरात गेली की मी दाराला कान लावून उभी. तिच्या हातातून चमचा पडला तरी मी धावत जायचे. फिट आली तर काय करायचं, ते कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये एका सोमवारी तिनं जेवण सोडलं. ओकली. दुसऱ्या दिवशी तळहातानं स्वतःचं डोकं बडवायला लागली, आणि सोबत सारखं 'धुळे, धुळे, धुळे'. अंग थोडं कोमट लागत होतं. मी थर्मामीटर लावला नाही. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, बुबुळं वर जातात का ते. नवरा यावलला नोकरीला, रोज बसनं जाऊन-येऊन करणारा. तो म्हणाला, "डोक्याचंच काहीतरी आहे. तिला धुळ्याला घेऊन जा, चार दिवस बदल होईल." मलाही ते पटलं. पोर जीव तोडून मामाचं घर मागत होती आणि मी दिवाळीची वाट बघू का?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाल बसमध्ये बसलो. पारोळ्यापर्यंत ती सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला किंचाळत होती. बसमधले सगळे मागे वळून बघायचे. पलीकडच्या सीटवर एक म्हातारे आबा होते. थोडा वेळ बघून म्हणाले, "बाई, पोरनं पोट दुखत व्हई."

मी फाडकन म्हटलं, "आबा, तिला असंच असतं. तिच्या मेंदूचा प्रॉब्लेम आहे. तुम्हाला नाही कळायचं."

ते बिचारे खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांची माफी मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

धुळ्याला पोचेपर्यंत, काय चमत्कार, पोरगी शांत. डोकं बडवणं बंद, किंचाळणं बंद. भावाच्या घरी कॉटवर कुशीवर पडून राहिली. मी भावजयीला म्हटलं, "बघ, धुळं मानवलं तिला." चक्क हसलेसुद्धा मी. चहा घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

तासाभरानं कॉटवरून बारीक आवाज आला. "धुळे, धुळे, धुळे."

भावजय माझ्या नावडत्या माणसांतली. फार बोलते. पण त्या दिवशी तिनं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अक्का, आते तं ती धुयामाच शे. मंग काबर धुये धुये करस?"

खरंच, धुळ्यात पोचूनही पोर धुळे का म्हणत होती? आणि एकदम ती सहा वर्षांची असतानाची बस आठवली. याच रस्त्यावर तिचा कान ठणकला होता. कान फुटून फ्रॉकचा खांदा भिजेपर्यंत ती रडत होती, आणि पारोळ्याच्या स्टँडवर कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "धुळे, धुळे, धुळे!" त्याआधी तिनं हा शब्द कधी उच्चारला नव्हता. मामाचं घर वगैरे काही नव्हतं त्यात. दुखतं, एवढाच अर्थ होता.

मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं घट्ट होतं. अंग भाजत होतं. चप्पल सापडेना. तशीच अनवाणी रिक्षात बसले.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं आधी फाईलच उघडली. "ऑटिझम आहे ना? मग असं वागणं होतंच." तेच वाक्य मी सकाळी बसमध्ये फेकलं होतं. मी त्याच्या हातातली फाईल हिसकावली आणि ओरडले, "कागद राहू द्या, पोट बघा पोट!" इतक्या मोठ्यानं, की आतून मोठे सर्जन बाहेर आले. त्यांनी एकदाच हात लावला आणि नर्सला हाक मारली. अपेंडिक्स फुटलं होतं. बसमध्येच कधीतरी फुटलं असावं. फुटलं की थोडा वेळ कळ कमी होते, म्हणून ती शांत झाली होती, हे ते नंतर म्हणाले.

ऑपरेशन चालू असताना मी बाकावर बसले होते. मला प्रार्थनासुद्धा आठवेना. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, एवढी एकच म्हण डोक्यात फिरत होती. नवरा यावलहून निघाला होता, त्याचा फोन वाजत होता आणि उचलायची माझी छाती होत नव्हती. दर वेळी दार उघडलं की वाटायचं, आता सांगतील.

ती वाचली. सर्जन म्हणाले, "दुखतं तिला आपल्याएवढंच. पण कुठं दुखतं, हे अशा मुलांच्या मेंदूला कधीकधी नीट उलगडत नाही. आणि उलगडलं तरी ते शब्दात येत नाही. तुम्ही शरीराकडे बघायचं."

तेव्हापासून मी मागचे 'धुळे' आठवत बसते. आठव्या वर्षी दाढ किडली होती, तेव्हा महिनाभर म्हणत होती. अकराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याआधी. ऑपरेशनच्या आदल्या पावसाळ्यात, कशासाठी ते मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. प्रत्येक वेळी मी तिला हसून तारीख दिली होती.

चौथ्या दिवशी नर्स टाक्यांची पट्टी बदलायला आली. मी मुलीचा हात धरून उभी होते. चिकटपट्टी ओढली तशी तिनं डोळे घट्ट मिटले आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, "धुळे, धुळे, धुळे."

मी काही बोलायच्या आत तिनंच पुढचं म्हटलं. माझ्या आवाजात, माझ्याच लाडिक हेलात.

"हो, दिवाळीला जाऊ."

आणि ती गप्प झाली.