कराराची पेटी

आता माही फजिती तुमाले कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतोच, कारण माहा राग अजून उतरला नाही.

तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, अन इकडं वऱ्हाडात कापसाले सोन्याचा भाव आला. जो तो करार करून राहिला होता. मीही केला. रुईची पोती घेऊन तेल्हाऱ्याहून अमरावतीले आलो. करार मुंबईच्या व्यापाऱ्याच्या गुमास्त्याजवळ, त्याच्या पेटीत होता.

पोत्यांसकट मी उतरलो होतो हसाजीच्या शेजारी. हसाजी कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, रेल्वेच्या कामावर मुकादम. सांजच्याले ओसरीवर सुपारी कातरत तो बायकोले म्हणाला, "कराराची पेटी गेली ती गेलीच. कोणी नेली, कोणास ठाऊक."

पेटी गेली? म्हणजे माहा करार गेला? अन हा माणूस सुपारी कातरून राहिला?

तसाच बाजारात गेलो, चार कास्तकार गोळा केले अन हसाजीच्या दारात आणले. गलका ऐकून गुमास्ताही मागं येऊन उभा राहिला. ते मले दिसलं नाही.

"हसाजी, पेटी कुठी हाय?"

"कोणती पेटी?"

"कराराची. आत्ताच तर तुमी बोलले."

"ती होय? आमच्या धर्मभाषेत तिला आरोन म्हणतात. आरोन म्हणजे पेटीच."

"नाव नोका सांगू. करार कोणासंगं झाला होता?"

"देवाशी."

आता पाहा, तेल्हाऱ्यात आमचा शेजारी देवा पाटील. पक्का लबाड. माहं डोकंच फिरलं.

"देवानंही करार केला? अन पेटीत काय होतं?"

"दगडाच्या दोन पाट्या."

"दगड? माह्या पोत्यात दगड नाहीत. देवा पाटलानं सांगतलं काय तुमाले?"

माह्या पोत्याचं कोणी नावही काढलं नव्हतं.

"अहो भाऊ," हसाजी म्हणाला, "देव म्हणजे परमेश्वर. आमच्या पूर्वजांशी त्यानं करार केला, त्याच्या आज्ञा त्या पाट्यांवर होत्या. हजारो वर्षं झाली त्याला."

मले सांगा, ऐन कापसाच्या हंगामात कराराच्या पेटीचं नाव कोणी मोठ्यानं घेते काय? हळू बोलावं ना माणसानं.

मागून गुमास्ता म्हणाला, "तुमचा करार माझ्या पेटीत सुखरूप आहे, गणपतराव. पोतं मात्र एकदा उघडून पाहू."

उघडलं. रुई उपसली. एकेक धोंडा बाहेर येऊन राहिला अन मी आभाळाकडं पाहून राहिलो.

हसाजीनं वाकून पाहिलं. मान हलवली.

"आमच्या पेटीत दोनच होते हो," तो म्हणाला.