सोनकांबळेबाईंच्या मनगटावरची गाठ

पंचफुला सोनकांबळेला राग लवकर यायचा, आणि आला की लवकर जायचा नाही. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. तिचा बाप भीमा म्हणायचा, "ही जन्मली तवा चुलीत वल्लं लाकूड व्हतं. धूर बाहीर गेलाच न्हाई, हिच्यात शिरला." बाप हे कौतुकानं म्हणायचा. त्या धुरावरच ती मॅट्रिक झाली आणि लातूरला चुलत्याकडं राहून मराठी टायपिंग शिकली. उस्मानाबादचा तुकडा पडून लातूर जिल्हा झाला, नवीनवी कार्यालयं उघडली, तेव्हा त्यातल्या एकात ती टंकलेखक म्हणून लागली.

कार्यालयात टंचाईचं काम चालायचं. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, कपाटांचा रंगही वाळलेला नाही, आणि पाऊस मात्र रुसून बसलेला. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, खडी फोडायचं काम कुठं काढायचं, ते सगळे आदेश पंचफुलाच्या मशीनवरून जायचे. सकाळी घरी टँकरच्या गर्दीत घागरी ओढायच्या आणि दिवसभर इथं मशीन बडवायचं. अशात एका उन्हाळ्यात तिच्या उजव्या मनगटावर, पाठीमागच्या बाजूला, गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी होती, दिवाळीपर्यंत बोराएवढी झाली. दाबली तर टणक लागायची. रोज दुखायची नाही, पण काम जास्त झालं की मनगट ठणकायचं.

गाठ एकटीची, पण तिच्यावर मत सगळ्यांचं.

नवरा ग्यानोबा एसटीच्या वर्कशॉपात होता. शांत माणूस. तो म्हणाला, "सरकारी दवाखान्यात दाखवू." पंचफुला म्हणाली, "दाखवू की. टँकर तुमी भरा, मी जाते." ते राहून गेलं. सासू नागुबाई गावाकडून आली ती पदराच्या गाठीत बिबे बांधूनच.

"बिब्याचा एक चटका दिला की जिरून जाती," नागुबाई म्हणाली. "माझ्या मावळणीची गेली व्हती."

"आत्याबाई, बिबा उतला म्हंजे? मशीनवर बसायचंय मला."

"तुला सांगून उपेग न्हाई. शिकल्यालं माणूस उलटं चालतंय." नागुबाई रुसली आणि दोन दिवस सुनेच्या हातचा चहा घेईना.

कार्यालयात तर गमतीचा विषयच झाला. कुणी म्हणायचं शिशाचा पत्रा बांधा, कुणी म्हणायचं एरंडाचं पान गरम करून लावा. पंचफुला "बघते" म्हणायची आणि कामाला लागायची. तिला चीड गाठीची नव्हती. चीड यायची ती न विचारता हात धरून बघणाऱ्यांची.

तिथं रामकिशन नावाचे हेडक्लार्क होते. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. माणूस गप्पिष्ट, हसतमुख, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला पुढं. पण पंचफुलाला त्यांची एक गोष्ट ठाऊक होती. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता. कस्तुराबाई शिपाई तो टँकरवरून भरून ठेवायची. दुपारी जी बाई पाणी प्यायला उठेल ती दोनचार पेले भरून आणायची, तशी रीतच पडली होती. पंचफुलानं पेला पुढं केला की बडेबाबू हसून म्हणायचे, "आत्ताच पिलो, बाई." एकदा, दोनदा, दहादा. आणि ती वळली की स्वतः उठून रांजणाकडं जायचे. पंचफुलानं पुढं त्यांना पेला देणं सोडलं. बोलली काही नाही. राग तिनं साठवला.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपत आली होती. पंचफुला टेबलावर हात टेकवून बसली होती. सकाळपासून विहिरींचे आदेश बडवून मनगट ठणकत होतं. रामकिशन समोर येऊन उभे राहिले. मागं तिघंचौघं.

"दाखवा बघू ती गाठ."

"कशाला, बडेबाबू?"

"दाखवा तर. अंगठा आत मुडपा. असं."

ती काही बोलायच्या आत त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट टेबलावर दाबून धरलं, उजव्या हातानं तिथंच पडलेलं कायद्याचं जाडजूड पुस्तक उचललं आणि दण्णकन गाठीवर आणलं.

पंचफुलाच्या डोळ्यांपुढं काळं झालं. कळ खांद्यापर्यंत गेली. कानावर हसणं आलं, कुणीतरी टाळीही वाजवली. "गेली! बघा, सपाट झाली! आमच्या गावाकडं असंच करतेत." रामकिशन तिचा हात वर धरून सगळ्यांना दाखवत होते, जत्रेत पाळण्याचं तिकीट दाखवावं तसा.

पंचफुलाचा डावा हात मोकळा होता. तो गेला आणि बडेबाबूंच्या गालावर बसला. खोलीतलं हसणं जागच्या जागी थांबलं.

साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. साहेब बाहेरगावचे, बदलीवर आलेले, कुणाला न दुखावता दिवस काढणारे.

"बाई, कार्यालयात हात उचलणं शोभतं का?"

"हात त्यांनी आधी उचलला, साहेब. पुस्तकासकट."

"साहेब, म्या बरं करायला गेलो," रामकिशन गाल चोळत म्हणाले. "गाठ गेली का न्हाई ते तर इचारा त्यांना."

साहेबांनी चष्म्यावरून मनगटाकडं पाहिलं. "गेलेली दिसते खरी."

तिथं पंचफुलाचा तोल सुटला. "साहेब, गाठ माझी व्हती! ठेवायची का काढायची, ते माझं मी ठरवलं असतं. यांना कुणी सांगितलं? आन् एवढ्या दिवसांत यांनी माझ्या हातचा पाण्याचा पेला घेतला न्हाई. पाणी घ्यायला माझा हात चालत न्हाई, मग हाणायला कसा चालला? धरताना बाट झाला न्हाई?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"पाण्याचं काय काढलं मधीच?" रामकिशन म्हणाले. "मला तहान नसती तवा."

"तहान असती, साहेब." दाराशी उभी असलेली कस्तुराबाई बोलली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. "म्या भरल्याल्या रांजणातलं पितेत. या बाईनं दिल्यालं तेवढं नको असतंय. म्या रोज बघते."

साहेबांना हे ऐकायचं नव्हतं. ऐकलं तर काहीतरी करावं लागलं असतं. ते म्हणाले, "दोघांनी एकमेकांची माफी मागा आणि विषय संपवा."

"त्यांनी आधी मागावी," पंचफुला म्हणाली.

रामकिशननी मागितली नाही. तिनंही मागितली नाही. साहेबांनी मग दोघांनाही समज दिली, एकसारखी. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, एकसारखी.

संध्याकाळपर्यंत मनगट भाकरीसारखं फुगलं. निरोप कळल्यावर ग्यानोबा ड्यूटीवरून परस्पर कार्यालयात आला आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. फोटो काढला. मनगटातल्या एका बारक्या हाडाला चीर गेली होती. हाताला प्लास्टर बसलं.

घरी नागुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारलीस त्येला?"

"मारली."

"एकच?"

"एकच."

"लई कमी मारलीस." आणि मनात उरलेला रुसवाही विसरून ती चुलीकडं गेली. पुढचा दीड महिना सुनेची वेणी सासूनं घातली. वेणी घालताना ती रामकिशनच्या खानदानाचा जो उद्धार करायची, तो ऐकून शेजारीण दार लावून घ्यायची.

ग्यानोबा मात्र रागावला नाही, आणि ते बघून पंचफुला त्याच्यावर रागावली. "तुमाला कायच वाटत न्हाई का?"

"वाटतंय की."

"मग?"

"मग काय करू? त्येच्या दारात जाऊन भांडू? तुझी नोकरी जाईल, माझीबी जाईल. तो तिथंच राहील."

यात खोटं काही नव्हतं. म्हणून ती आणखी चिडली.

तिकडं कार्यालयात आदेश तुंबले. उसना आणलेला टंकलेखक एका गावाचा टँकर दुसऱ्या गावाला लिहायचा. आणि रामकिशन येईल त्याला सांगायचे, "हाडाचं काय, बसंल. गाठ तर गेली? डाक्टरनं शंभर सुया टोचल्या असत्या." लोक माना डोलवायचे. हे तिला कस्तुराबाईकडून कळायचं. प्लास्टरखाली हात खाजायचा आणि हे बोलणं डोक्यात खाजायचं. त्या माणसाचं खरं ठरलं, हे तिला हाडापेक्षा जास्त दुखत होतं.

प्लास्टर निघालं. हात वाळक्या काडीसारखा झाला होता. पंचफुला कामावर हजर झाली, हळूहळू बोटं चालू लागली. आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला एक दिवस भाकरी थापताना तिला मनगटावर हरभरा लागला. जुन्याच जागी. तिनं दाबून बघितलं, परत दाबून बघितलं, आणि एकटीच खदखदून हसली. नागुबाई घाबरून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय भरल्यावर पंचफुला सरळ रामकिशनच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या कागदांवर हात ठेवला.

"बघा बडेबाबू, तुमचं औषध."

रामकिशननी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. ते पुटपुटले, "एखाद्याची येती परत." आणि कागद ओढून घ्यायला लागले. तिनं हात उचलला नाही. "हाड मोडलं, गाठ तशीच. आता सांगा सगळ्यांना, जसं तवा सांगत व्हतात." मग ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिच्या मशीनचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता.

आता ठरवायचं होतं. ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि बसल्याबसल्या सांगून टाकलं, "डॉक्टर, कापा."

डॉक्टर तरुण होता, नांदेडकडचा. त्यानं खिडकीचा पडदा ओढला, गाठीला खालून बॅटरी लावली. गाठ आतून लालसर उजळली, पिकल्या द्राक्षासारखी. "बघा, उजेड पलीकडं येतोय. आत घट्ट पाणी आहे. सांध्यात वंगण असतं, तसलं. कसली वाईट गाठ नाही ही."

"मग काढा."

"सुईनं पाणी काढता येतं, पण पुष्कळदा परत भरतं. ऑपरेशन केलं तर परत येण्याचा संभव कमी, पण येतच नाही असं नाही. चिरा पडेल, हात काही दिवस बांधून ठेवावा लागेल, शेजारच्या नसेला धक्का लागला तर बोटं बधिर राहू शकतात. आणि तिसरं म्हणजे काहीच करायचं नाही. पुष्कळांची आपोआप जाते."

"काहीच करायचं न्हाई, हे सांगायला एवढं शिकलाव?"

डॉक्टर ओशाळला. "ठोकून घेऊ नका, एवढं नक्की सांगतो."

"मी घेतली न्हाई ठोकून! ठोकली!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेरच्या रांगेतल्या बाया आत डोकावल्या. डॉक्टरनं तिला शांत होऊ दिलं, पाणी मागवलं आणि काय झालं ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाला, "तुम्ही सांगाल ते करू. पण रोज किती दुखतं ते बघा आणि मग या."

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "मी कापून घेणार."

"लई दुखतंय का?" ग्यानोबानं विचारलं.

"काम पडलं की दुखतंय. रोज न्हाई."

"मग?"

"मग काय? त्या माणसाला न जमल्यालं मला करून दाखवायचंय. त्येच्यापुढं सपाट हात घेऊन बसायचंय."

ग्यानोबा जेवत होता. घास हातातच ठेवून तो म्हणाला, "राग त्या माणसाचा हाय. चिरा तुझ्या हाताला कशाला?"

पंचफुला ताट सरकवून उठली. पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो चुकला असता तर एका तासात बोलली असती.

तिसऱ्या दिवशी तिनं तिचं ठरवलं. चिरा नको. कामाच्या दिवसांत ठणकतं ते कमी व्हावं एवढंच हवं, तेव्हा आधी सुई. परत भरली तर राहू दे. बोटांना मुंग्या आल्या, पकड सुटायला लागली, तरच ऑपरेशन. तिनं हे नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं आणि दोघांनाही बजावलं, "आता यावर कुणी बोलायचं न्हाई."

सुई टोचली. सरसासारखं घट्ट पाणी निघालं. वर्षभरात गाठ पुन्हा भरली, पण आधीपेक्षा लहान. तिनं खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच केली, मनगटाला पट्टा बांधून मशीनवर बसायला लागली. ठणका बराच कमी झाला. कुणी "अजून हायच का ही?" म्हणून हात धरायला आलं की ती नुसती बघायची. धरणारा हात मागं घ्यायचा.

रामकिशन पुढच्या उन्हाळ्यात बढतीवर मुखेडकडं गेले. निरोपाला हार होते, पेढे होते, त्यांच्या मनमिळाऊपणावर भाषणं झाली. पंचफुला गेली नाही, तिच्या वाटचा पेढा आला तो तिनं कागदासकट परत पाठवला. कस्तुराबाईही गेली नाही. आतल्या टाळ्या संपेपर्यंत त्या दोघी व्हरांड्यात बसून राहिल्या.

गाठ पुढं कधीतरी आपोआपच जिरली. पोरं झाली आणि धाकट्याच्या बारशाच्या धामधुमीत ती केव्हा गेली ते पंचफुलाच्या ध्यानातही आलं नाही. हाडाची चीर मात्र नीट सांधली नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी पीठ मळताना ती जागा अजून कळ मारते. कळ आली की पंचफुला हात झटकते आणि रामकिशनचं नाव घेऊन, घरात पाहुणे असोत की पोरंबाळं, मोठ्यानं एक शिवी हासडते. आता तिलाही सून आली आहे, ती म्हणते, "आत्याबाई, किती वर्षं झाली, सोडा की आता."

"का सोडू?" पंचफुला म्हणते आणि पीठ मळत राहते.